पोलीस ठाणे, विद्यार्थी आणि क्षेत्रकार्य : प्रा. विजय राघवन व ‘प्रयास’ यांच्या गुन्हेशास्त्रीय कार्याची समीक्षा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत गुन्हेशास्त्र हा विषय समाजशास्त्राच्या किंवा विधी शाखेच्या एखाद्या प्रश्नपत्रिकेपुरताच शिकविला जातो. लोम्ब्रोसो, सदरलँड, मर्टन यांच्या उपपत्ती विद्यार्थी परीक्षेपुरत्या पाठ करतो, परंतु पोलीस ठाण्याची पायरी अभ्यासासाठी म्हणून तो कधीच चढत नाही. दुसरीकडे त्याच वर्गातील कित्येक विद्यार्थी पहाटे मैदानावर पोलीस भरतीचा सराव करीत असतात. ज्या संस्थेत आयुष्य घालवायचे, त्या संस्थेचा चिकित्सक विचार वर्गात होत नाही आणि जो विचार वर्गात होतो त्याचा त्या संस्थेशी संबंध राहत नाही. ही विसंगती अध्यापकांच्या परिचयाची आहे.

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत विकसित झालेली गुन्हेशास्त्राच्या अध्यापनाची परंपरा लक्षणीय ठरते. या परंपरेत संशोधन, अध्यापन आणि प्रत्यक्ष साहाय्य या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. या संस्थेत गुन्हेशास्त्राचे अध्यापन करणारे व ‘प्रयास’ या क्षेत्रीय कृती प्रकल्पाचे संचालक राहिलेले प्रा. विजय राघवन यांचे कार्य हे तिचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या कार्याचे स्वरूप, त्यातून पोलीस यंत्रणेविषयी निर्माण होणारे ज्ञान, विद्यार्थी घडविण्याची त्यातील पद्धती आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. ही पद्धती महानगराबाहेर कितपत लागू पडते, हे पुणे जिल्ह्यातील पानशेत खोऱ्याच्या संदर्भात तपासून पाहण्याचाही प्रयत्न केला आहे.

१. पार्श्वभूमी : तुरुंगाकडून पोलीस ठाण्याकडे

भारतातील गुन्हेशास्त्राचे शिक्षण पोलीस ठाण्यापासून नव्हे तर तुरुंगापासून सुरू झाले, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली स्थापन झालेल्या समाजकार्य विद्यालयाचे १९४४ मध्ये ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्था’ असे नामांतर झाले. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ वॉल्टर रेक्लेस १९५१-५२ मध्ये भारतात आले, ते तुरुंग प्रशासनाबाबत सल्ला देण्यासाठी. संस्थेतील विभागाचे दीर्घकाळ प्रचलित राहिलेले ‘गुन्हेशास्त्र व सुधारप्रशासन’ हे नावच त्याची दिशा स्पष्ट करते. गुन्हा घडून गेला आहे, न्यायालयाने शिक्षा दिली आहे आणि आता त्या माणसाला सुधारावयाचे आहे, असे त्यात गृहीत धरलेले होते. अटक कोणाला होते, कोणत्या परिस्थितीत होते आणि अटकेनंतरच्या पहिल्या काही तासांत काय घडते, हे प्रश्न या चौकटीबाहेर राहिले.

पुढे या केंद्राच्या नावात ‘सुधारप्रशासन’ या शब्दाची जागा ‘न्याय’ या शब्दाने घेतली. हा बदल केवळ नावापुरता मानता येत नाही. तुरुंगातील माणसाला भेटल्यावर त्याची कहाणी मागे मागे जात पोलीस कोठडीपर्यंत पोहोचते, या अनुभवाने अभ्यासविषयाची सीमाच बदलली. मात्र या बदलाची पायाभरणी ‘प्रयास’च्या आधीच, एका न्यायालयीन प्रकरणात झालेली दिसते.

२. एका अध्यापकीय अहवालाचे सामर्थ्य

पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले. त्यानंतर न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या डॉ. आर्मायती देसाई यांना कारागृहाला भेट देऊन अहवाल सादर करण्यास सांगितले. मुलाखतीच्या वेळी अन्य कोणीही उपस्थित असू नये, तसेच बोलणे ऐकू येईल इतक्या अंतरावरही कोणी असू नये, अशी अट न्यायालयाने घातली. संशोधन पद्धतीच्या दृष्टीने ही अट अत्यंत महत्त्वाची आहे. बंदिस्त संस्थेत सत्य कोणत्या परिस्थितीत उच्चारले जाऊ शकते, याची जाण तीत आहे.

या अहवालाच्या आधारे १५ फेब्रुवारी १९८३ रोजी दिलेल्या निकालात पोलीस कोठड्यांसंबंधी स्पष्ट निर्देश देण्यात आले. स्त्री संशयितांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात व तेथे स्त्री पोलीस असावेत; त्यांची चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी; अटकेची कारणे व जामिनाचा हक्क यांची माहिती तत्काळ द्यावी; अटक झाल्याबरोबर विधी साहाय्य समितीला व नातेवाइकांना कळवावे; न्यायाधीशांनी कोठड्यांना अचानक भेटी द्याव्यात; आणि दंडाधिकाऱ्यांनी अटक व्यक्तीला छळाची तक्रार आहे काय हे विचारावे, असे त्यांचे स्वरूप होते. अटक व्यक्तीचे हक्क सांगणारी पत्रके मराठी, हिंदी व इंग्रजी भाषेत छापून प्रत्येक कोठडीत लावावीत, असाही निर्देश त्यांत होता.

एका समाजकार्य अध्यापिकेचा अहवाल पोलीस ठाण्याच्या भिंतीपर्यंत पोहोचला, हे या घटनेचे महत्त्व. डॉ. देसाई १९८२ मध्ये टाटा संस्थेच्या संचालक झाल्या आणि पुढे १९९५ ते १९९९ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या संचालकत्वाच्या काळातच मुंबई पोलिसांच्या सहकार्याने १९८४ मध्ये महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पोलिसांच्या आवारात सुरू झाला आणि १९९० मध्ये डॉ. सनोबर साहनी यांच्या पुढाकाराने ‘प्रयास’चा आरंभ झाला. या तीन घटनांना एका सूत्रात पाहिले म्हणजे प्रा. राघवन यांच्या कार्याची पूर्वपीठिका लक्षात येते.

३. ‘प्रयास’ची कार्यपद्धती : साहाय्यातून निरीक्षण

पोलिसांच्या अभ्यासाच्या तीन भूमिका ढोबळमानाने सांगता येतात. पहिली सर्वेक्षकाची. डेव्हिड बेली यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय पोलिसांवरील ग्रंथासाठी उत्तर व दक्षिण भारतातील नागरी तसेच ग्रामीण नागरिकांची मते प्रश्नावलीद्वारे जाणून घेतली होती. दुसरी निरीक्षकाची. जेरोम स्कोलनिक यांनी अमेरिकेत पोलिसांसोबत वावरून, धोका आणि अधिकार या दोन घटकांतून पोलिसांची कार्यप्रवृत्ती कशी घडते, याचे विवेचन १९६६ मधील आपल्या ग्रंथात केले. तिसरी भूमिका साहाय्यकाची होय. अटक झालेल्या माणसाचे काही काम करून देणे हा तिचा हेतू असतो आणि ज्ञान हे त्या कामाच्या ओघात हाती येते. ‘प्रयास’ची भूमिका ही आहे.

या कामाचे स्वरूप वरकरणी साधे असते. घरच्यांना अटकेची खबर देणे, विधी साहाय्याचा वकील मिळवून देणे, जामीनदार शोधणे, ओळखपत्रांची जुळवाजुळव करणे, सुटकेनंतर राहण्याची व कामाची सोय पाहणे इत्यादी. परंतु यांपैकी प्रत्येक काम करताना यंत्रणेतील एक एक अडथळा उघड होतो. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे माणूस महिनोन्महिने आत राहतो, ही बाब प्रश्नावलीतून क्वचितच कळते. जामीनदार शोधण्यासाठी वस्तीत फिरणाऱ्यास ती पहिल्याच आठवड्यात कळते. नातेवाइकांना कळविल्याची नोंद कागदावर असते, परंतु नातेवाइकांना प्रत्यक्षात केव्हा कळले हे घरी गेल्यावरच समजते. कायदा आणि व्यवहार यांतील अंतर मोजण्याचे साधन म्हणून साहाय्याचा असा उपयोग हे या परंपरेचे मुख्य योगदान म्हणावे लागेल.

या प्रकारच्या ज्ञानाची न्यायालयीन उपयुक्तताही सिद्ध झाली आहे. स्त्री बंद्यांच्या मुलांविषयी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणी जो निकाल दिला, त्यात ‘प्रयास’ने केलेल्या अभ्यासाचाही विचार झाला होता.

४. प्रा. राघवन यांचे लेखन

प्रा. राघवन यांच्या लेखनातून दोन निबंधांचा येथे विशेष विचार करणे इष्ट ठरेल. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये २०१३ साली रोशनी नायर यांच्यासह प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध महाराष्ट्रातील तुरुंगांत मुस्लिम बंद्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या तुलनेत अधिक का, या प्रश्नाचा वेध घेतो. त्यामागे राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी केलेला अभ्यास होता. सार्वजनिक चर्चेत या प्रश्नाची उत्तरे सहसा दोन टोकांची असतात. एक समाजाला दोषी ठरविते, दुसरे केवळ पोलिसांच्या पूर्वग्रहाकडे बोट दाखविते. निबंधाचे बळ असे की, तो पूर्वग्रहाचा प्रश्न टाळत नाही, परंतु त्याला दारिद्र्य, अल्पशिक्षण, वस्तीची स्थिती आणि वकिलाचा अभाव यांच्या साखळीत ठेवतो. मुलाखती दिलेल्या बंद्यांपैकी बहुतेकांचा संघटित टोळ्यांशी संबंध नव्हता, हा निष्कर्ष प्रचलित समजुतीस छेद देणारा आहे.

त्याच नियतकालिकातील २०१६ चा निबंध न्यायाधीन बंद्यांच्या दीर्घ प्रतीक्षेविषयी आहे. या प्रश्नाची व्याप्ती पुढेही कमी झालेली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते. कायद्यात उपाय नाहीत असे नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ समाविष्ट झाले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने प्रथमच गुन्हा करणाऱ्या न्यायाधीन बंद्यासाठी, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ पूर्ण झाल्यावर सुटकेची तरतूद केली. तरीही ही तरतूद आपल्याला लागू आहे हे ज्याला ठाऊक नाही आणि ज्याच्या वतीने अर्ज करणारा कोणी नाही, त्याच्यासाठी ती कागदावरच राहते. कायदा आणि बंदी यांच्यामध्ये एक माणूस लागतो, ही या लेखनामागील मूळ धारणा आहे, आणि हा मधला माणूस घडविणे हेच अध्यापनाचे उद्दिष्ट ठरते.

५. विद्यार्थी घडविण्याची पद्धती

समाजकार्य शिक्षणात क्षेत्रकार्य हे अध्यापनाचे अंगभूत साधन असते. विद्यार्थी नियमितपणे नेमून दिलेल्या संस्थेत काम करतो, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहितो आणि मार्गदर्शक अध्यापकासमवेत त्यावर वैयक्तिक चर्चा करतो. गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्यास जेव्हा तुरुंग, न्यायालय किंवा पोलीस ठाणे हे क्षेत्र मिळते, तेव्हा या नेहमीच्या पद्धतीला वेगळे गांभीर्य प्राप्त होते. विद्यार्थ्याने वेळेवर वकिलाला कळविले नाही तर एखादा माणूस आणखी काही दिवस कोठडीत राहू शकतो. चुकीची किंमत गुणपत्रिकेत नव्हे तर दुसऱ्याच्या स्वातंत्र्यात मोजली जाते.

म्हणूनच येथील मार्गदर्शन हे प्रबंधाच्या मार्गदर्शनाहून भिन्न आहे. ठाणे अंमलदाराशी कसे बोलावे, कोणती माहिती लिहावी व कोणती लिहू नये, आरोपीला कोणते आश्वासन देऊ नये, पोलिसांविषयीचा राग आणि पोलिसांच्या कामाच्या ताणाची जाणीव या दोन्ही एकाच वेळी कशा बाळगाव्यात, हे विद्यार्थ्याला सूत्ररूपाने सांगता येत नाही. त्याच्या अहवालातील प्रत्येक वाक्याच्या निमित्ताने ते शिकवावे लागते. ‘आरोपी सहकार्य करीत नाही’ असे वाक्य विद्यार्थ्याने लिहिले, तर ते वाक्य कोणाचे, आरोपीच्या वर्तनाचे की पोलिसांकडून उसने घेतलेले, हा प्रश्न मार्गदर्शकाने विचारावयाचा असतो. अशा प्रश्नांतूनच विद्यार्थ्याची दृष्टी तयार होते. या परंपरेत स्वतः क्षेत्रकार्याच्या प्रकल्पाची जबाबदारी वाहणारा अध्यापकच वर्गात शिकवितो, ही बाब त्यामुळे महत्त्वाची ठरते.

६. मर्यादा

या कार्याचे मोल मान्य करूनही त्याच्या काही मर्यादांची नोंद घेणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा दृष्टिकोनाची. साहाय्यकाला पोलीस दिसतात ते प्रामुख्याने अटकेच्या व न्यायालयात हजर करण्याच्या प्रसंगी. बिटावर फिरणारा, बंदोबस्तात सोळा-सोळा तास उभा राहणारा, गावातील भांडण नोंद न करताच मिटविणारा पोलीस या चौकटीत अंधुक राहतो. अटक ही पोलीस कामाची सर्वांत दृश्य बाजू असली तरी एकमेव बाजू नव्हे.

दुसरी मर्यादा परवानगीची. बंदिस्त संस्थेत प्रवेश हा त्या संस्थेच्या संमतीवर अवलंबून असतो आणि ही संमती किती नाजूक असते याचे उदाहरण शीला बारसे यांच्याच बाबतीत मिळते. त्यांनी मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केल्यावर त्यांची परवानगी काढून घेण्यात आली. याविषयीच्या १९८७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंद्यांच्या मुलाखतीचा अनिर्बंध हक्क मान्य केला नाही. वाजवी नियंत्रणाखालील प्रवेशच मान्य केला. १९८३ चा अहवाल न्यायालयाच्या आदेशाने सिद्ध झाला होता. त्यानंतरचे काम मात्र यंत्रणेशी सहकार्याने चालते. जो दुसऱ्या दिवशी त्याच ठाण्यात पुन्हा जाणार आहे, त्याच्या लेखनाचा कल विशिष्ट ठाण्यापेक्षा व्यवस्थेच्या संरचनेकडे राहणे स्वाभाविक आहे. यात लेखकाच्या धैर्याचा प्रश्न नाही. एका आरोपीला आज मिळणारे साहाय्य आणि उद्याचा निर्भीड अहवाल यांतील निवडीचा प्रश्न आहे. परंतु ही निवड ज्ञानाच्या स्वरूपावर कोणता परिणाम करते, याची पद्धतिशास्त्रीय चर्चा अधिक विस्ताराने होणे गरजेचे आहे.

तिसरी मर्यादा भाषेची, आणि ती महाराष्ट्रातील अध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर म्हणावी लागेल. अटक व्यक्तीचे हक्क कोठडीच्या भिंतीवर मराठीत असावेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितले. परंतु ज्या अभ्यासपरंपरेत हा निकाल शक्य झाला, तिचे प्रमुख शैक्षणिक लेखन इंग्रजीतच राहिले. परिणामी ज्या हवालदाराविषयी ते लिहिले जाते, ज्या बंद्याच्या कहाणीवर ते उभे आहे आणि ज्या ग्रामीण महाविद्यालयात उद्याचा शिपाई शिकतो आहे, त्या तिघांनाही ते सहजासहजी उपलब्ध होत नाही.

७. पानशेत खोऱ्याच्या कसोटीवर

महानगरात आकारास आलेल्या या पद्धतीची खरी कसोटी महानगराबाहेर लागते. त्यासाठी पानशेत खोऱ्याचे उदाहरण उपयुक्त आहे. आंबी नदीवरील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे शहरात हाहाकार झाला, एवढीच या गावाची सर्वसाधारण ओळख असते. धरणांमुळे विस्थापित झालेली गावे, कातकरी वस्त्या, पुण्याकडे रोजगारासाठी जाणारे तरुण आणि सुट्टीच्या दिवशी शहरातून येणारे पर्यटक असे आजच्या खोऱ्याचे सामाजिक चित्र आहे.

येथील पोलीस व्यवस्था मुंबईतील ठाण्याहून मूलतः वेगळी आहे. गावाचा पोलिसांशी पहिला संबंध येतो तो महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेल्या पोलीस पाटलामार्फत. १५ ऑगस्ट २००७ पासून राबविलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने तंटे गावपातळीवरच मिटविण्यास शासकीय मान्यता दिली. बांधावरील भांडण, नवरा-बायकोचा तंटा, पर्यटकाशी झालेली मारामारी यांपैकी काय ठाण्यात जाईल आणि काय गावातच मिटेल, याचा निर्णय अटकेच्या कितीतरी आधी होतो. या निर्णयात दुबळ्याची बाजू कोण मांडते, हा ग्रामीण गुन्हेशास्त्राचा कळीचा प्रश्न आहे, आणि तुरुंगाच्या दारातून सुरू होणाऱ्या अभ्यासाला तो सहसा दिसत नाही. खोऱ्यातील एखादा तरुण न्यायालयीन कोठडीत येरवड्याला पोहोचतो तेव्हा तो पुणे जिल्ह्यातील एक न्यायाधीन बंदी एवढाच उरतो. त्याच्या घरच्यांना भेटीसाठी अख्खे शहर ओलांडून एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

म्हणून ‘प्रयास’ची पद्धती येथे जशीच्या तशी उचलून चालणार नाही; तिचे तत्त्व मात्र घेता येईल. ग्रामीण महाविद्यालयाने स्वतःचा मर्यादित परंतु नेमका अभ्यास हाती घेणे शक्य आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात हक्कांचे मराठी पत्रक लावलेले आहे काय? १९९६ च्या डी. के. बसू निकालानुसार अटकेचा पंचनामा होतो काय, आणि तालुका विधी सेवा समितीची माहिती अटक व्यक्तीला मिळते काय? पोलीस पाटील कोणत्या तंट्यांची नोंद करतात व कोणत्या तंट्यांची करीत नाहीत? यांपैकी काही माहिती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मिळू शकते. काही ठाण्याच्या संमतीने. उरलेली वस्तीत बसून ऐकल्यानेच मिळेल. पण माहिती गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याने विधी सेवा समितीचा पत्ता जरी एखाद्या कुटुंबाला पोहोचविला, तरी तो निव्वळ सर्वेक्षक राहत नाही.

अर्थात यातील धोकेही दुर्लक्षिता येत नाहीत. मुंबईतील विद्यार्थी ठाण्यातून बाहेर पडला की अनोळखी गर्दीत मिसळतो. खोऱ्यातील विद्यार्थी त्याच गावात राहतो. पोलीस पाटील त्याच्या नात्यातला असू शकतो आणि तक्रारदार त्याचा शेजारी. त्यामुळे अशा क्षेत्रकार्यात मार्गदर्शक अध्यापकाची जबाबदारी अधिक वाढते. नोंदींची गोपनीयता, विद्यार्थ्याची सुरक्षितता आणि प्राचार्यांचे लेखी पाठबळ यांविना हे काम सुरू करणे विद्यार्थ्यावर अन्याय करणारे ठरेल.

समारोप

प्रा. विजय राघवन आणि ‘प्रयास’ यांच्या कार्यातून स्पष्ट होणारी मुख्य गोष्ट अशी की, पोलिसांविषयीचे विश्वसनीय ज्ञान अटक माणसाच्या उपयोगी पडण्यातून निर्माण होऊ शकते, आणि असे ज्ञान मिळविण्याची शिस्त विद्यार्थ्याला शिकविता येते. त्याचबरोबर हे ज्ञान परवानगीच्या कक्षेत राहते, अटकेच्या क्षणाभोवती केंद्रित होते आणि बव्हंशी इंग्रजीत व्यक्त होते, ही त्याची दुसरी बाजू आहे. या परंपरेने पोलीस ठाण्यात जाऊन आरोपीच्या बाजूने उभे राहणारा समाजकार्यकर्ता घडविला. पोलीस ठाण्यात नोकरीसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार मात्र तिच्या कक्षेत फारसा आला नाही.

ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी महानगरातील एका संस्थेवर टाकणे योग्य नव्हे. भरतीची तयारी करणारे विद्यार्थी ग्रामीण महाविद्यालयांच्या वर्गांत बसलेले आहेत. खाकी गणवेश चढविण्यापूर्वी कोठडीतल्या माणसाच्या घरी एकदा तरी जाऊन आलेला शिपाई आणि केवळ मैदान व वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या बळावर निवडला गेलेला शिपाई यांत फरक पडेल, अशी अपेक्षा ठेवण्यास या कार्याने आधार दिला आहे. तो फरक प्रत्यक्षात पडतो किंवा नाही, हे तपासण्यासाठी मराठीतून, स्थानिक पातळीवर आणि सातत्याने अभ्यास होणे अगत्याचे आहे.